जुन्या गेमिंग पीसीवरचा खर्च: कोणता भाग कोणाला थांबवून ठेवतो?

माझा गेमिंग पीसी २०१७ सालच्या सुट्या भागांचा आहे. रायझन ५ १६०० हा सहा कोरचा प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, सहा जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क, असा सगळा त्याचा ऐवज. त्या वर्षी मध्यम बजेटात अनेकांनी थोड्याफार फरकाने हेच जोडले होते आणि १०८०पी रिझोल्यूशनवर खेळणाऱ्याला त्यात फारसे उणे वाटत नसे. आता तोच संगणक नवे गेम सुरू करतो, मोकळ्या माळावर बरा चालतो आणि वस्तीत शिरला की अडखळतो. पूर्ण नवा संगणक घेणे शक्य नव्हते. थोडे पैसे, तेही टप्प्याटप्प्याने, घालता येणार होते. अशा वेळी परवडेल ते सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड आणून बसवावे असे बहुतेकांच्या मनात येते. माझ्या मते हातात मोजके पैसे असताना पहिला खर्च म्हणून ती सर्वांत महाग पडणारी निवड आहे.

याचे कारण फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारे प्रत्येक चित्र, कशी तयार होते त्यात आहे. दृश्यात कोण कुठे उभा आहे, कोणावर काय आदळले, कोणत्या वस्तू दिसणार आहेत हे सारे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचे याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हाती देतो. कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि या दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्याच चालीने पडद्यावरचे चित्र हलते. प्रोसेसरला एका यादीसाठी २४ मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड कितीही दांडगे असले तरी सेकंदाला ४२ फ्रेमच्या आसपासच मिळणार आणि उरलेला वेळ ते नवे कार्ड रिकामे बसणार. म्हणून खर्चाआधीचा खरा प्रश्न असा की, आत्ता या संगणकात कोणता भाग बाकीच्यांना थांबवून ठेवत आहे?

हे मोजायला एक पैसाही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या सोबत येणारे रिव्हाट्यूनर ही दोन साधने टाकली की गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडवरचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यावरचा) भार, व्यापलेली रॅम आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख दिसू लागतो. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबत आहे आणि बाकीचे भाग त्याच्यासाठी थांबले आहेत, असे समजायला हरकत नाही. तो ६० किंवा ७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, आणि फ्रेमवर कोणती मर्यादा घातलेली नसेल, तर कार्डाला पुरेसे काम पोचत नाही. प्रोसेसरचा एकूण टक्का मात्र हमखास फसवतो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतो. बहुतेक गेमचे मुख्य काम मात्र एक-दोन थ्रेडवरच एकवटलेले असते, त्यामुळे ‘प्रोसेसर तर चाळीस टक्केच वापरात आहे’ हे वाक्य निर्दोष प्रोसेसरचे प्रमाणपत्र ठरत नाही. शंका राहिलीच तर रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणून पाहावे. कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते, पण प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. फ्रेम वाढल्या तर अडसर कार्डाचा होता, जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसरचा किंवा मेमरीचा.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो फ्रेमटाइमचा आलेख. माझ्या पीसीवर तो असा दिसे: रेषा बराच वेळ १७-१८ मिलिसेकंदांवर सपाट, मग अचानक ८० किंवा १०० मिलिसेकंदांचा उभा सुळका, मग पुन्हा सपाट. सरासरी काढली तर ती सेकंदाला पन्नासच्या वर भरायची, म्हणजे कागदावर ठीकच. पण डोळ्यांना जाणवतो तो सुळका. कमजोर कार्ड असे वागत नाही. त्याची रेषा सपाटच असते, फक्त सगळीच्या सगळी वरच्या पातळीवर. एकेकटे सुळके बहुधा कशाची तरी वाट पाहिल्यामुळे येतात, आणि माझ्याकडे त्या प्रत्येक क्षणी रॅम काठोकाठ भरलेली व हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर असे. आठ जीबी रॅममध्ये विंडोज, ब्राउझर आणि आजचा मोठा गेम मावत नाही. मग विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलते आणि लागेल तेव्हा परत ओढून आणते. (नव्या इंजिनांवरच्या काही गेममध्ये शेडर, म्हणजे चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्राम, ऐन वेळी तयार होत असल्यामुळेही असेच झटके बसतात. त्यावर कोणत्याही सुट्या भागाचा पूर्ण उतारा नाही. त्यामुळे एकाच गेमवरून निदान करू नये.)

पैसे काढण्याआधी फुकटात मिळण्यासारखे जे असेल ते आधी घ्यावे. डीडीआर४ रॅमच्या पट्टीवर ३००० किंवा ३२०० असे छापलेले असले तरी बायोसमध्ये (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे छापील वेगाची तयार सेटिंग, चालू केल्याशिवाय ती बहुतेक वेळा २१३३ किंवा २४०० च्या वेगानेच चालते. वर्षानुवर्षे तशीच चालणाऱ्या पट्ट्या मी ओळखीच्या अनेक संगणकांत पाहिल्या आहेत. रायझनमध्ये प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या मार्गाचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे तिथे हे नुकसान जरा जास्तच होते. पहिल्या पिढीतला रायझन कधीकधी रॅमच्या ३२०० च्या वेगावर अडून बसतो. अशा वेळी २९३३ वर समाधान मानावे. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टला लावलेली नाही ना, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला नाही ना, हेही एकदा बघून घ्यावे.

धुळीचा मात्र नीट समाचार घ्यायला हवा. कूलरचा पंखा नुसता बाहेरून पुसून उपयोग नसतो, कारण धूळ पंख्यावर थोडी आणि पंखा व पत्र्यांच्या मधल्या फटीत जास्त बसते. पंखा सोडवून उचलला की खाली करड्या नमद्यासारखा अख्खा थर मिळतो आणि हवेला वाटच उरलेली नसते. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंगला त्रास होतो. एनव्हिडियाची कार्डे तापमान चढत जाईल तसा आपला क्लॉक (चालण्याचा वेग) टप्प्याटप्प्याने उतरवत नेतात, म्हणून कार्ड ‘गरम होते पण बंद पडत नाही’ याचा अर्थ ते ठणठणीत आहे असा नव्हे. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सहा-सात वर्षांनी वाळून खडखडीत झालेली असते. तीही याच वेळी बदलावी.

इथवर आल्यावर पहिला खर्च कुठे करायचा याबाबत माझ्या मनात शंका उरली नव्हती. एकच पट्टी असेल तर मेमरीची एकच वाहिनी वापरात असते. ३२०० च्या वेगाला एका वाहिनीतून सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. क्षमता १६ जीबी होते आणि रुंदी दुप्पट, अशी एकाच खर्चात दुहेरी सोय होते. खाचा बहुधा प्रोसेसरपासून मोजल्या असता दुसरी आणि चौथी अशा असतात, पण मदरबोर्डाची पुस्तिका पाहिलेली बरी. २०२५च्या उत्तरार्धात जगभर रॅमच्या किमती जोरात चढल्या, कारण मेमरी बनवणाऱ्यांनी आपली क्षमता एआय डेटा सेंटरकडे वळवली. मायक्रॉनने तर त्या वर्षी डिसेंबरमध्ये क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड आवरता घेत असल्याचे जाहीर केले. अशा काळात सेकंडहँड डीडीआर४ पट्टी घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. रॅम सहसा झिजत नाही, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही तर ती पट्टी बिनधास्त वापरावी.

हार्ड डिस्कबद्दल थोडक्यात सांगतो. ७२०० आरपीएमच्या तबकडीला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग सुईखाली येईपर्यंत सरासरी त्याच्या निम्मा वेळ, शिवाय सुई त्या जागी सरकण्याचा वेळ वेगळा. म्हणजे विखुरलेल्या लहान फायली वाचताना सेकंदाला शंभरेक वाचनांच्या पलीकडे ती जात नाही, तर साधी साटा एसएसडीही (साटा केबलने जोडायची, फिरते भाग नसलेली डिस्क) हजारोंच्या घरात खेळते. स्टारफील्डसारख्या गेमने २०२३ साली किमान गरजांतच एसएसडी लिहून टाकली. मात्र साटा एसएसडी आणि वेगवान एनव्हीएमई एसएसडी यांच्यातला फरक बहुतेक गेममध्ये लोडिंगच्या एक-दोन सेकंदांपुरता असतो. तेवढ्यासाठी बजेट ताणू नये. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि जुन्या गेमसाठी राहू द्यावी.

रॅम आणि एसएसडीनंतर आलेखावरचे सुळके जवळजवळ गेले, आणि मग दुसरेच काहीतरी उघडे पडले: वस्तीत शिरल्यावर कार्डाचा वापर ६५ टक्क्यांवर आणि एक थ्रेड कायम भरलेला. अपग्रेडचे हे असेच असते. एक अडसर काढला की थांबण्याची जागा बदलते, आणि म्हणूनच तीन भाग एकदम मागवण्यापेक्षा एक बसवून पुन्हा मोजणे स्वस्त पडते.

प्रोसेसरच्या बाबतीत एएम४ सॉकेटवाले (प्रोसेसर बसवायची ही खाच माझ्या बोर्डावरही आहे) नशीबवान आहेत. २०१७ सालच्या बोर्डांवरही २०२२ साली एएमडीने रायझन ५००० मालिकेला अधिकृत वाट मोकळी करून दिली, त्यामुळे केवळ बायोस बदलून त्याच खाचेत रायझन ५ ५६०० बसू शकतो. कोर तेवढेच, सहा. पण प्रत्येक कोरची चाल खूपच वेगळी, आणि रायझन ५ १६००मधली १६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली लहान, वेगवान मेमरी) दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली, तर ५६००मध्ये ३२ एमबी सहाही कोरना सामाईक. गेमला ही कॅश फार मानवते, कारण रॅमपर्यंत जाऊन यायला प्रोसेसरला कॅशपेक्षा कित्येक पट वेळ लागतो. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या ५८००एक्स३डीमध्ये ही कॅश ९६ एमबीवर नेली आणि या सॉकेटवर गेमसाठी त्याच्या तोडीचे फारसे काही आले नाही. रास्त भावात सापडला तर उत्तमच, पण त्याच्या मागे धावून कार्डाचे पैसे संपवण्यात अर्थ नाही. नावांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावेत. ५५०० आणि ५६००जी ही नावे ५६००च्या शेजारची वाटतात, पण दोन्हींत एल३ कॅश निम्मी, म्हणजे १६ एमबी, असते.

बायोस नेहमी जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच बदलावा. नवा बसवून मग बायोस शोधायला गेले तर पडदा काळाच राहतो. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची असल्यामुळे नव्या प्रोसेसरांना जागा करून देताना काही कंपन्यांनी जुन्या एपीयूंचा (अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांचा) पाठिंबा काढून टाकला आहे, म्हणून बोर्डाच्या पानावरची टीप पूर्ण वाचून मगच पुढे जावे. वीज जाण्याचा संभव असेल तेव्हा हे काम हातात घेऊ नये.

प्रत्यक्ष बदलतानाची एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेली पेस्ट प्रोसेसर व कूलर यांना इतके घट्ट धरून ठेवते की कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. यावर उपाय साधा आहे. आधी दहा-पंधरा मिनिटे एखादा जड गेम चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, वायर काढून, कूलरचे स्क्रू सोडवावेत आणि कूलर वर न ओढता हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे पिळावा. थोड्या वेळाने पकड सुटल्याचे हाताला कळते. तेव्हाच उचलावा.

इंटेलवाल्यांची कहाणी इतकी सरळ नाही. एलजीए११५१ हे सॉकेटचे एकच नाव दोन वेगळ्या संसारांना आहे: सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर, तर आठवी-नववी ३०० मालिकेवर, आणि प्रोसेसर खाचेत बसत असला तरी एकाचा दुसरीकडे चालत नाही. जुन्या बोर्डांसाठी आय७ ७७००के हे शेवटचे टोक, म्हणून सेकंडहँड बाजारात त्याची किंमत त्याच्या लायकीपेक्षा वरच राहते. चार कोरच्या प्रोसेसरसाठी तेवढे पैसे घालण्याऐवजी बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलण्याचा विचार करावा. आय५ १२४००साठीचे एलजीए१७०० बोर्ड डीडीआर४ रॅमचेही मिळतात, म्हणजे आधी घेतलेली रॅम वाया जात नाही. सेकंडहँड तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर मात्र सांभाळून घ्यावेत, कारण जास्तीच्या व्होल्टेजमुळे त्यांतले काही कायमचे बिघडले. इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय दिले, पण आधीच बिघडलेली चिप त्याने दुरुस्त होत नाही.

विंडोजचा विषयही इथेच येतो. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीतले रायझन नाहीत, तसेच इंटेलची सातवी पिढी, एखाददुसरा अपवाद वगळता, नाही. काही ऑनलाइन गेमची चीटविरोधी व्यवस्था आता सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सॉफ्टवेअरलाच संगणक सुरू करू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) मागू लागली आहे. टीपीएमची सोय बायोसमध्ये बहुधा असते, फक्त ती चालू करावी लागते. पण सिक्युअर बूटसाठी विंडोज असलेली डिस्क जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीची असावी लागते, आणि जुन्या संगणकांत ती बऱ्याचदा जुन्या एमबीआर पद्धतीची असते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे. बॅकअप घेऊन ते वापरले तर सगळे नव्याने टाकण्याचा व्याप वाचतो. माझ्या हिशेबात ५६००चे पारडे जड झाले ते यामुळेही, कारण एकाच खर्चात खेळाचा आणि विंडोजचा असे दोन्ही प्रश्न सुटत होते.

कार्डाची पाळी यानंतर आली, आणि आता मोजणीही तेच सांगत होती: कार्ड ९८ टक्क्यांवर, प्रोसेसर निवांत. जुलै २०१६मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६०ने दिलेली साथ पाहता त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही, पण एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले आहेत आणि यापुढे २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे ड्रायव्हर तिमाहीला येतील. शिवाय डूम: द डार्क एजेससारखे काही गेम आता हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा मार्ग मोजण्याची सोय) नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. लगेच पैसे नसतील तर दोन गोष्टींवर काही महिने काढता येतात. एक म्हणजे एएमडीची एफएसआर ही अपस्केलिंगची, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठे करण्याची, सोय, जिच्या आधीच्या आवृत्त्या एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालतात; १०८०पीला क्वालिटी पर्याय निवडला की आतून १२८० बाय ७२० चेच चित्र काढले जाते, म्हणजे ४४ टक्के पिक्सेल. कार्ड अडसर असेल तरच याचा फायदा. प्रोसेसर थांबवत असेल तर चित्र धूसर होते आणि फ्रेम तेवढ्याच राहतात. दुसरी म्हणजे सेटिंग्ज जाणून उतरवणे. सावल्या, धुके आणि प्रतिबिंबे कार्डाला दमवतात. गर्दीची घनता आणि दूरवरचे दृश्य प्रोसेसरलाही. टेक्स्चर मात्र कार्डाच्या मेमरीत मावत असतील तर जवळपास फुकट पडतात. सरसकट ‘लो’ करून चित्र कुरूप करण्यापेक्षा हे बरे.

नवे कार्ड निवडताना १०८०पीसाठी आठ जीबी मेमरी ही मी किमान मर्यादा धरली, कारण मेमरी भरली की पुन्हा तेच सुळके येतात. बोर्ड जुना असेल तर कार्ड किती पीसीआय लेन (बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या वाटा) वापरते हे जरूर पाहावे, कारण जाहिरातीत ते ठळक लिहिलेले नसते. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन आणि चार जीबी मेमरी घेऊन आले, पीसीआय ४.० बोर्डावर ते जेमतेम सावरते, पण ३.०च्या जुन्या बोर्डावर, म्हणजे ज्यांना स्वस्त कार्डाची खरी गरज त्यांच्याकडेच, ते जास्त अडखळते. आरएक्स ६६०० आठ लेनचे आहे, आठ जीबीचे आहे, १३२ वॅटचे आहे आणि १०६०च्या जवळपास दुप्पट काम करते; बारा जीबीचे आरटीएक्स ३०६० सोळा लेनचे, १७० वॅटचे आणि डीएलएसएससह (एनव्हिडियाची अपस्केलिंगची सोय). इंटेलची आर्क कार्डे किमतीच्या मानाने आकर्षक आहेत, पण त्यांना रीसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ती आपली ताकद इतरांपेक्षा जास्त गमावतात, म्हणून जुन्या संगणकासाठी मी ती सुचवणार नाही.

मी स्वतः सेकंडहँड आरएक्स ६६०० घेतले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाचे कार्डांवरचे मायनिंग (गणिते सोडवून नाणी मिळवणे) संपल्यावर खूप कार्डे बाजारात आली आणि मायनिंगचे कार्ड म्हणजे मेलेले कार्ड अशी समजूत पसरली. ती मला पटत नाही. एका तापमानाला सतत चाललेल्या चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड आधी जातात, आणि ते बदलता येतात. समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून पाहावा, ओसीसीटी या साधनातली व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) चाचणी चालवावी, पंखे घरघरतात का ते कान लावून ऐकावे आणि जीपीयू-झेड उघडावे. जुन्या चिपवर खोटे नाव चढवलेले कार्ड असेल तर ते साधन बहुतेक वेळा ‘फेक’ असे स्पष्ट लिहूनच दाखवते. खऱ्या कार्डांतही नावांचे घोळ आहेतच. तीन जीबीच्या १०६०मध्ये नुसती मेमरीच नव्हे तर कोरही कमी आहेत, आरएक्स ५८०ची २०४८ कोरची हलकी आवृत्ती त्याच नावाने फिरते, आणि आठ जीबीचे आरटीएक्स ३०६० बारा जीबीवाल्यापेक्षा बरेच मंद आहे.

सेकंडहँड कधीच घेऊ नये असा एक भाग म्हणजे एसएमपीएस, सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. कार्ड ठरवण्याआधी त्याच्या बाजूवरचा तक्ता वाचावा आणि मोठ्या अक्षरांतल्या वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहावेत. ३६ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर ४३२ वॅट मिळतात, आणि ४५० वॅटच्या चांगल्या सप्लायमध्ये एवढे असायलाच हवेत. माझा हिशेब सोपा होता: प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट, कार्ड १३२, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ. ४५० वॅट यासाठी भरपूर, आणि साडेसातशे वॅटच्या सप्लायवर घातलेले पैसे नुसते कॅबिनेटमध्ये पडून राहिले असते. ८० प्लसचा बिल्ला विजेची बचत किती ते सांगतो, सुरक्षेबद्दल तो गप्प असतो. माझा सप्लाय आठ वर्षांचा होता आणि त्यातले कपॅसिटर एवढ्या काळात थकलेले असतात, म्हणून कार्डाच्या बजेटातून थोडे कापून तो मी नवा घेतला. पुढचा संगणक होईल तेव्हा तो तसाच तिकडे जाईल.

जुन्या सप्लायला आठ पिनांची वायर नसेल तर काही जण साटाच्या पॉवर वायरीला अडॅप्टर लावून कार्ड चालवतात. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅट जावेत अशी त्याची रचना आहे, आणि आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅटपर्यंत ओढू शकतो. कनेक्टर वितळतो तो इथेच. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये तर सप्लायचा आकार आणि मदरबोर्डाचा कनेक्टर दोन्ही वेगळे असू शकतात, तेव्हा तिथे कॅबिनेट उघडून पाहिल्याशिवाय काहीच मागवू नये. अशा संगणकात स्लॉटमधूनच ७५ वॅट घेऊन चालणारे जीटीएक्स १६५०सारखे कार्ड हाच कधीकधी एकमेव मार्ग उरतो.

आणि सप्लाय मॉड्युलर (केबली सोडवता येणारा) असेल तर जुन्या केबली नव्याला लावण्याचा मोह टाळावा. डिस्कच्या टोकाचे कनेक्टर प्रमाणित असतात, सप्लायच्या टोकाचे नसतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. केबल खाचेत अगदी नीट बसते, संगणक चालू करताच ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचतात आणि नवी एसएसडी त्याच क्षणी कामातून जाते. जुना सप्लाय काढला की त्याच्या केबली त्याच्याबरोबरच बांधून ठेवाव्यात.